जबड्याचे हाड : आशा आहे, पण कुणासाठी?

‘जबड्याचे हाड पुन्हा उगवणार’ अशा अर्थाच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वरचेवर वाचायला मिळतात. मूलपेशी आणि संप्रेरक या जोडीने हे साधेल, असे त्यांत म्हटलेले असते. संशोधन खरे आहे. पण ते कुठवर आले आहे आणि कोणत्या रुग्णाच्या उपयोगाचे आहे, हे मथळ्यात मावत नाही.

जबड्याचे हाड जाण्याची कारणे सारखी नसतात. पायरियात दातांभोवतीचे हाड झिजते. दात काढला की तिथले हाड आटू लागते. तंबाखू-गुटख्यामुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात मात्र जबड्याचा मोठा भागच काढावा लागतो. २०२१ मध्ये कोविडपाठोपाठ आलेल्या म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात अनेकांचा वरचा जबडा नेला.

यातले संप्रेरक म्हणजे गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचा स्राव. त्याचे वागणे मोठे चमत्कारिक आहे. रक्तात त्याची पातळी सतत वाढलेली राहिली तर हाड झिजते; पण तेच थोडे थोडे, थांबून थांबून मिळाले तर हाड भरते. पिकाला पाळीने पाणी दिले तर ते जोमाने वाढते, तुंबले तर मुळे कुजतात, तसेच हे. टेरिपॅराटाइड हे या संप्रेरकाचाच एक अंश असलेले इंजेक्शन अमेरिकेत २००२ पासून हाडांच्या ठिसूळपणावर वापरात आहे. २०१० मध्ये मिशिगन विद्यापीठाने पायरियाच्या ४० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. हिरड्यांच्या शस्त्रक्रियेबरोबर काहींना सहा आठवडे हे इंजेक्शन आणि बाकीच्यांना नुसते दिखाऊ इंजेक्शन देण्यात आले. वर्षानंतर पहिल्या गटात हाड सरासरी २९ टक्के भरले होते, दुसऱ्यात ३ टक्के.

पण इंजेक्शन साऱ्या शरीरात फिरते. म्हणून औषध हाडाच्या खड्ड्यातच बसवलेल्या, विरघळणाऱ्या साच्यातून रोज थोडे थोडे सुटेल, अशी सोय शास्त्रज्ञ शोधत आहेत. उंदरांच्या कवटीतील छिद्रे अशा साच्याने भरून आली आहेत. मूलपेशींचे कामही पुढे सरकले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४ रुग्णांच्या चाचणीत, दात काढलेल्या जागी रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून वाढवलेल्या पेशी भरल्यावर नेहमीच्या पद्धतीपेक्षा हाड लवकर धरले.

आता अडचण पाहा. माणसांवरील हे यश दाताभोवतीच्या किंवा दात काढलेल्या जागेतल्या छोट्या खड्ड्यांपुरते आहे. अर्धा जबडा गेलेल्या माणसाला हाडासोबत रक्तवाहिन्या, मांस आणि त्वचाही लागते. शिवाय कर्करोगाच्या पुष्कळ रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार दिलेले असतात. हाडांवर किरणोपचार झालेल्यांना टेरिपॅराटाइड टाळावे, असा इशारा आहे. कारण त्यांना हाडाच्या कर्करोगाचा धोका मुळातच जास्त असतो. पेशींना वाढायला लावणारी औषधे कर्करोग होऊन गेलेल्या जागी वापरताना तर दहा वेळा विचार करावा लागतो. म्हणजे ज्यांना गरज सर्वांत मोठी, त्यांच्यापासूनच हा उपचार सर्वांत लांब आहे.

त्यांच्यासाठी आजचा भरवशाचा मार्ग जुनाच आहे. पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढून जबड्याच्या जागी जोडतात. १९८९ पासून ही पद्धत जबड्यासाठी वापरली जाते. तिला अनुभवी शल्यचिकित्सक, सूक्ष्मदर्शक आणि कित्येक तासांचे शस्त्रक्रियागृह लागते. सरकारी रुग्णालयांत या तिन्ही गोष्टी वाढवल्या तर अनेकांना आजच नीट जेवता-बोलता येईल.

दरम्यान, मूलपेशींचा बाजार थांबलेला नाही. दुधाच्या दातांत मूलपेशी असतात, हे २००३ मध्येच सिद्ध झाले. त्यावरून ‘मुलाचा दात जपून ठेवा’ म्हणून पालकांना गळ घातली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मात्र व्यापारी साठवणुकीची मुभा फक्त नाळेच्या रक्ताला आहे. मूलपेशींचा प्रस्थापित उपचार म्हणूनही रक्ताच्या विकारांसारख्या मोजक्या आजारांतील प्रत्यारोपणालाच मान्यता आहे. जबड्यासाठीचा वापर केवळ नोंदणीकृत चाचणीतच करता येतो.

म्हणून कुणी असा उपचार सुचवला, तर दोन प्रश्न विचारा. या चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? आणि पैसे कोण भरणार? चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. क्रमांक मिळाला नाही आणि बिल मात्र हातात पडले, तर तिथून उठून या.