शिक्का नोटरीचा, जबाबदारी कुणाची?

माझी एक जुनी विद्यार्थिनी परवा घरी आली. दोन वर्षांपासून माहेरी आहे. तलाक झालेला नाही, नवरा नांदवतही नाही. मेहरसाठी दावा लावायचा म्हणून वकिलांनी निकाहनाम्याचे मराठी भाषांतर मागितले होते. कोर्टाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तीनशे रुपयांत ते झाले, खाली नोटरीचा लाल शिक्काही बसला. मी मूळ कागद शेजारी ठेवून वाचला आणि तिला विचारले, "बेटा, हे कुणी केलं?" ती म्हणाली, "सर, माहीत नाही. शिक्का आहे ना?"

भाषांतरात लिहिले होते, 'मेहर उधार, तलाकनंतर देय'. मूळ निकाहनाम्यात मात्र मेहर रोखीची होती, बायको मागेल तेव्हा द्यायची.

चूक कशी झाली ते उर्दू जाणणाऱ्याला लगेच कळेल. मागताक्षणी द्यायच्या मेहरला जो शब्द आहे तो मीम, ऐन, जीम, लाम असा लिहितात. पुढे ढकललेल्या मेहरच्या शब्दात ऐनच्या जागी हमजा असलेला वाव येतो. आपल्या तोंडी दोन्ही जवळजवळ एकच, आणि देवनागरीत उतरवले की दोन्ही 'मुअज्जल'. एका अक्षरात बाईचा आजचा हक्क तलाकपर्यंत किंवा नवऱ्याच्या मृत्यूपर्यंत लांबणीवर पडतो. तीनशे रुपयांच्या त्या कागदाने नेमके हेच केले होते.

प्रमाणित भाषांतर म्हणजे शिक्का मारलेला कागद, हा समज आधी डोक्यातून काढला पाहिजे. दोन्ही भाषा जाणणारा माणूस आपले नाव, पत्ता आणि सही घालून लिहून देतो की हे भाषांतर पूर्ण आहे, मुळाबरहुकूम आहे आणि चुकले तर मी उत्तर देईन. प्रमाण असते ते या जबाबदारीचे. नोटरी अधिनियम, 1952 च्या कलम 8 प्रमाणे नोटरीला भाषांतर करण्याचा आणि ते पडताळण्याचा अधिकार आहे. पडताळणी म्हणजे मूळ वाचणे. ज्या नोटरीला अलिफ आणि लाम वेगळे ओळखता येत नाहीत, तो काय पडताळतो? फार तर समोरच्या माणसाने सही केली एवढेच. मग तसे स्पष्ट लिहा. सहीची साक्ष भाषांतराची साक्ष म्हणून खपवू नका.

मेहर हे एकच उदाहरण नाही. जुन्या उर्दू शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात 'मोमिन' असते. भाषांतरकार त्याचा अर्थ 'ईमानवाला' असा करतो आणि जात गायब. पिंजारी कुटुंबाच्या दाखल्यावर 'नद्दाफ' असते, त्याचे 'कापूस पिंजणारा' झाले की जातीचा धंदा होतो. जातीचे नाव भाषांतरित करायचे नसते, जसेच्या तसे उतरवायचे असते. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा तो एकच कागद असतो. तो असा बिघडवला की नातवाची फी-सवलत गेली.

मराठवाड्यातल्या कागदांत आणखी एक खड्डा आहे. निजामाच्या राज्यात फसली सन चाले. 1350 फसली म्हणजे इसवी 1940-41. तोच आकडा हिजरी समजला तर 1931-32 होते. नऊ वर्षांचा फरक! चांगला भाषांतरकार मूळ सन तसाच ठेवतो आणि शेजारी इसवी सन लिहितो.

आता कुणी म्हणेल, हा मुसलमानांचा प्रश्न. नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला सरकारी कारभार उर्दूत चाले. जमीन पाटलाची असो की इनाम देवस्थानचे, कागद उर्दूतच. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मोडीइतकीच उर्दू जाणणाऱ्यांचीही गरज पडली. तोवर 'उर्दू चालत नाही' म्हणून कागद परत करणाऱ्या कचेऱ्यांना ती एकदम चालू लागली. उर्दू या मातीतल्या कागदांची भाषा आहे, परदेशातून आलेली नाही.

आपल्या माणसांनाही दोन शब्द. कचेरीने मराठी भाषांतर मागितले की काहीजण त्याला उर्दूचा अपमान म्हणतात. मला ते पटत नाही. मराठी राज्याची राजभाषा आहे, ती मागणारच. मी दोन्ही भाषा शिकवतो, एकीचा मान राखायला दुसरीचा राग करावा लागत नाही. आपला राग दुसरीकडे हवा. निकाहनाम्यात मेहरपुढे घाईत काहीही खरडणाऱ्या काझीसाहेबांवर, ते न वाचता सही करणाऱ्या वलींवर आणि साक्षीदारांवर. रक्कम व अट उर्दूबरोबर मराठीतही लिहायला किती वेळ लागतो? 'रोख' किंवा 'उधार', एवढा एक शब्द पुरे.

आणि सरकारकडे मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यात परीक्षा घेऊन निवडलेल्या उर्दू आणि मोडी भाषांतरकारांची यादी लावा, दर ठरवा. भाषांतरावर त्यांचे नाव, पात्रता आणि सही बंधनकारक करा. समासातली नोंद, खाडाखोड, गोल शिक्क्यातली अक्षरे, सगळे उतरवायला लावा. जे वाचता येत नाही तिथे 'अवाच्य' लिहायला लावा, अंदाज नको. उर्दू घेऊन बीए, बीएड झालेली कितीतरी मुले घरी बसली आहेत. त्यांना कामही मिळेल.

त्या मुलीचे भाषांतर आम्ही नव्याने केले. ऐन कुठे आहे ते तळटीपेत दाखवले, खाली माझे नाव, पत्ता आणि सही घातली. वकीलसाहेबांनी विचारले, "सर, उद्या कोर्टाने बोलावलं तर याल?"

येईन. प्रमाणित म्हणजे तेच ना?