आवाज बंद, डोळे उघडे!

काय दोस्तांनो, तुमचा आवडता नट कोण? असं विचारलं की उत्तरं धडाधड येतात. कुणी मारामारी बघून नट ठरवतं, कुणी नाच बघून, तर कुणी संवाद ऐकून. गब्बरसिंगचे सगळे संवाद घडाघडा म्हणून दाखवणारा एक तरी मुलगा प्रत्येक वर्गात असतोच!

पण नट खरोखर चांगला आहे का, हे ओळखायची एक साधी परीक्षा आहे. घरी टीव्हीवर सिनेमा लागला की पाच मिनिटं आवाज पूर्ण बंद करा. पडद्यावरच्या माणसाच्या मनात काय चाललंय, ते तरीही कळतंय का? कळलं, तर नट पास. नुसतेच ओठ हलताना दिसले, तर त्याला संवाद लिहिणाऱ्यानं आणि संगीत देणाऱ्यानं तारलं होतं म्हणायचं!

आणि आपण भिवंडीकर तर या परीक्षेचे पक्के परीक्षक, बरं का! शांतीनगर, नारपोली, पद्मानगर, कुठेही यंत्रमागाच्या कारखान्यात डोकावून बघा. धोटा एका टोकाकडून फेकला जातो, दुसऱ्या टोकाला धाडकन अडतो, की लगेच परत फेकला जातो. मिनिटाला शंभरावर वेळा! आणि असे कितीतरी माग एकाच छपराखाली. तिथं शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. मग कामगार हातानं खुणा करतात, ओठांकडे बघून ओळखतात, ‘चहा आला’ हे नुसत्या डोळ्यांनी सांगतात. ज्यांच्या घरात कुणी लूमवर जातं, त्यांना ही बिनआवाजाची भाषा वेगळी शिकवावी लागत नाही.

तर आज या परीक्षेत पहिल्या वर्गात पास झालेली माझ्या आवडीची तीन कामं सांगतो.

पहिलं ‘श्वास’मधले आजोबा. संदीप सावंत यांचा हा मराठी सिनेमा २००४ साली आला. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठी सिनेमाला देशातल्या सर्वोत्तम चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, ते ‘श्वास’मुळे. कोकणातले एक आजोबा छोट्या परशाला डोळे दाखवायला शहरात घेऊन येतात. डोळ्यांत कर्करोग निघतो. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावीच लागणार, आणि त्यानंतर परशाला कधीच दिसणार नाही. हे त्या एवढ्याशा पोराला सांगायचं कसं? आजोबा झालेत अरुण नलावडे. ते छाती पिटत नाहीत, मोठ्यानं रडत नाहीत. नातवाशी बोलताना हसू ठेवतात, आणि त्यानं मान वळवली की ते हसू हळूच गळून पडतं. आवाज बंद करून बघा, सगळं कळतं. परशा झालेला अश्विन चितळेही काही कमी नाही हं! त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दुसरं काम ‘कोशिश’मधल्या हरिचरणचं. गुलजार यांचा हा हिंदी सिनेमा १९७२चा. इथं तर आवाज बंद करायचीही गरज नाही, कारण हरिचरण आणि त्याची बायको आरती या दोघांनाही ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही. ही कामं केली आहेत संजीव कुमार आणि जया भादुरी यांनी. त्यांना बाळ होतं. त्याला ऐकू येतं की नाही, या काळजीनं दोघं त्याच्या कानाशी खुळखुळा वाजवतात. बाळ ढिम्म! पुन्हा वाजवतात. बाळ बघतच नाही. दोघांची तोंडं पांढरीफटक पडतात, बाळाला उचलून डॉक्टरांकडे धाव घेतात. मग कळतं की बाळ अगदी ठणठणीत आहे. त्या खुळखुळ्यातच मणी नव्हते! तो वाजतच नव्हता, आणि हे आईबाबांना कळणार तरी कसं? क्षणात हसू येतं आणि दुसऱ्या क्षणी घशात काहीतरी अडकतं. एकही शब्द न बोलता केलेल्या या कामाबद्दल संजीव कुमारांना सर्वोत्तम अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तिसरं काम ओळखा पाहू! सिनेमा ‘शोले’, साल १९७५. नाही, गब्बर नाही आणि वीरूही नाही. ठाकूर बलदेवसिंग! हेसुद्धा संजीव कुमारच. ‘कोशिश’मध्ये त्यांनी आवाज बाजूला ठेवला, इथं हातच बाजूला ठेवले. होळीच्या दिवशी डाकू गावावर चालून येतात. ठाकूरच्या पायाशी बंदूक पडलेली आहे, पण तो ती उचलत नाही. नुसता बघत राहतो. जय-वीरूला त्याचा राग येतो, आपल्यालाही येतो. मग कळतं की गब्बरनं त्याचे दोन्ही हात तोडले आहेत. आता मागे जाऊन तोच प्रसंग पुन्हा बघा. अंगावर शाल, हात हलत नाहीत, आणि सगळी तडफड फक्त चेहऱ्यावर! गंमत म्हणजे ‘कोशिश’मध्ये त्यांची बायको झालेल्या जया भादुरी तीनच वर्षांनी ‘शोले’त त्यांची सून झाल्या. संजीव कुमार तेव्हा अवघे ३७ वर्षांचे होते. त्यांचं खरं नाव हरिहर जरीवाला, जन्म सुरतचा. म्हणजे आडनावातच जर! पडद्यावर इतक्या वेळा म्हातारा झालेला हा माणूस खऱ्या आयुष्यात म्हातारा झालाच नाही. १९८५ साली, वयाच्या ४७व्या वर्षी ते गेले.

आता जरा महत्त्वाचं. चित्रण संपलं की संजीव कुमारांना सगळं ऐकू येत होतं. मागावर तीस-तीस वर्षं काढलेल्या अनेकांना मात्र पाळी संपून घरी आल्यावरही नीट ऐकू येत नाही. आपल्या कानाच्या आत, शंखासारख्या भागात केसांसारख्या अगदी बारीक पेशी असतात. साधारण ८५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज रोज आठ-आठ तास कानावर आदळला की त्या मरत जातात, आणि एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो आवाज कानाला धोक्याचा आहे असं समजा.

यात आधी जातात ते बारीक, तीव्र आवाज. ‘स’, ‘फ’सारखी अक्षरं, लहान मुलांचं बोलणं. म्हणजे आजोबांना तू बोलतोयस हे कळतं, पण काय बोलतोयस ते कळत नाही. ते भलतंच उत्तर देतात, आणि आपण काय करतो? खी खी करून हसतो, किंवा ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणून निघून जातो. त्या ‘काही नाही’चा त्यांना किती राग येत असेल!

त्यापेक्षा असं करा. मागून हाक मारू नका, समोर या. उजेड आपल्या तोंडावर पडेल असे उभे राहा. किंचाळू नका, सावकाश आणि स्पष्ट बोला. शब्द कळला नाही, तर तोच दहादा न म्हणता दुसरा शब्द वापरून सांगा. हात आणि चेहरा आहेतच की मदतीला!

आणि आईबाबांनो, ही ओळ तुमच्यासाठी: कानात कापसाचा बोळा घालून भागत नाही. कारखान्यात जाताना कानात घट्ट बसणारी बुचं घाला, आणि कधीतरी कान तपासून घ्या.

या रविवारी घरच्या सगळ्यांना बसवा आणि तुमच्या आवडत्या नटाची पाच मिनिटांची परीक्षा घ्या. परीक्षक म्हणून मात्र आजोबांना, किंवा घरात ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना बसवा. कोण पास झालं आणि कोण नापास, ते आम्हाला जरूर कळवा!