जा म्हणणे सोपे आहे

हल्ली जो तो आम्हाला सांगतो, ट्विटर सोडा. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्कने ते ४४ अब्ज डॉलरना घेतले, नाव बदलून एक्स केले, द्वेषाचा बाजार भरला. मग तिथे थांबता कशाला? मॅस्टोडॉनवर या, ब्लूस्कायवर या. सांगणारे आमचे मित्रच आहेत, त्यांच्या नियतीवर आम्हाला शक नाही. पण हा सल्ला ऐकला की आम्हाला मुंब्रा आठवते.

१९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला गेली. आपल्या माणसांत राहा, असे त्यांनाही कोणीतरी सांगितलेच असेल. जीव सुरक्षित झाला. पण तिथला पत्ता सांगितला की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, ते तिथल्या रहिवाशालाच विचारा. आणि ज्या चाळींतून ते उठले, त्या चाळींना त्यांच्या नसण्याची सवय झाली.

२०१९ च्या अखेरीस असेच झाले होते. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले. आधी नाझी सलाम नाकारणाऱ्या जर्मन माणसाच्या छायाचित्रावरून, मग गोरख पांडे यांच्या कवितेवरून. रागावलेली मंडळी मॅस्टोडॉनकडे निघाली. रास्त राग होता. पण महिनाभरात नागरिकत्व कायद्याविरुद्ध देश रस्त्यावर उतरला, तेव्हा लाठीमाराचे व्हिडिओ टाकायला लोकांना गर्दीचाच चौक लागला. साक्ष निर्जन गल्लीत देऊन काय उपयोग?

जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' या नावांनी आमच्या लेकीबहिणींचे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. ज्या बोलल्या त्या भर चौकात बोलल्या, म्हणून बोभाटा झाला, मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला, अटका झाल्या. त्या वेळी घाबरून जिने खाते मिटवले, तिला आमचा एक शब्दही बोल नाही. आमच्याच शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी आहे त्यांत. छान लिहायची. आता लिहीत नाही. तिच्या निघून जाण्याला 'पर्याय निवडला' म्हणणाऱ्यांची मात्र आम्हाला चीड येते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये 'गार्डियन'ने एक्सवर लिहिणे थांबवले. थांबवू द्या, त्यांच्यापाशी १८२१ पासूनचे स्वतःचे वर्तमानपत्र आहे. आमच्यापाशी काय आहे?

लहान घर वाईट, असे आम्ही म्हणत नाही. मॅस्टोडॉनचा कोणी एक मालक नाही. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना अनुयायी बरोबर नेता येतात. जुने लिखाण मात्र मागेच राहते. आणि सर्व्हरचे बिल कोणीतरी भरावेच लागते. आम्ही भरतो का? दिवाळी अंकाची वर्गणी मागितली तर आमच्या स्टाफरूममध्ये चहाचे कप उचलून लोक बाहेर जातात. देशी म्हणून गाजलेले 'कू' २०२० मध्ये सुरू झाले. त्यावर मराठीतही लिहिता येई. जुलै २०२४ मध्ये पैशाअभावी त्याला टाळे लागले.

आम्ही मॅस्टोडॉनवर खाते काढले आहे, दोन पैसेही पाठवतो. जुने खाते मिटवलेले नाही. शिवी देणाऱ्याचे चालू असताना आमचे का मिटवावे, हे सल्ला देणाऱ्यांनी आधी सांगावे.