स्वस्ताईची बढाई

राष्ट्राराष्ट्रांच्या अंतराळविद्येची तुलना करण्याची हौस अलीकडे आमच्या सुशिक्षित वर्गात फार बळावली आहे. हौस वाईट नव्हे. परंतु तुलना करावयाची तर तराजू खरा हवा. आमच्याकडे या कामी जो तराजू चालतो त्यास एकच पारडे आहे, व त्याचे नाव स्वस्ताई. आमचे मंगळयान एका परदेशी चित्रपटाहून कमी खर्चात मंगळाला पोहोचले, हे वाक्य २०१४ पासून घरोघरी इतक्या अभिमानाने उच्चारले जाते की, त्याचा अर्थ विचारणे हाही जणू देशद्रोह ठरावा! तोच अर्थ आम्ही येथे विचारणार आहो.

मंगळयानास सुमारे ४५० कोटी रुपये लागले. त्याच महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर २०१३ मध्ये, निघालेल्या अमेरिकेच्या 'मेव्हेन' यानास सुमारे ६७ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने चार हजार कोटी रुपयांहून अधिक लागले. अंतर नऊपटींचे! येथवर सर्वांस पाठ असते. परंतु मंगळयानावरील उपकरणांचे वजन अवघे १५ किलो आणि मेव्हेनवरील उपकरणांचे सुमारे ६५ किलो होते, हे किती जण सांगतात? उपकरणांच्या दर किलोमागे हिशेब केला तर आमचे ३० कोटी व त्यांचे सुमारे ६४ कोटी होतात. नऊपटींचे अंतर दुपटीवर येते. आणि हे ओझे थोडे का ठेविले? काटकसरीची आवड म्हणून नव्हे. आमचा मोठा अग्निबाण २०१० साली दोनदा अपेशी ठरला होता, म्हणून धाकट्या पीएसएलव्हीवर भागवावे लागले. यानास थेट मंगळाच्या वाटेस लावण्याचे बळ त्याच्या अंगी नव्हते. तेव्हा जवळजवळ महिनाभर पृथ्वीभोवती फिरत, कक्षा थोडी थोडी वाढवीत यानास वेग द्यावा लागला. या अडचणीतून वाट काढून पहिल्याच प्रयत्नात ज्यांनी मंगळाची कक्षा गाठली, त्या शास्त्रज्ञांच्या बुद्धीस आमचे वंदन असो. परंतु अडचण नव्हतीच असे भासविणे हा त्यांचा गौरव नव्हे.

कोणी म्हणतील, खर्च राहू द्या, पहिलेपणाचा मान पाहा. त्यांनी रशियाकडे पाहावे. १९५७ साली पहिला उपग्रह व १९६१ साली पहिला मानव अंतराळात धाडणारा तो देश १९७६ नंतर थेट २०२३ च्या ऑगस्टात चंद्राकडे वळला, आणि त्याचे यान चंद्रावर आदळून फुटले. चारच दिवसांनी आमचे चांद्रयान दक्षिण ध्रुवाच्या बाजूस सुखरूप उतरले. चंद्रावर माणूस उतरविणारी अमेरिकाही २०११ पासून २०२० पर्यंत आपल्या अंतराळवीरांसाठी रशियाच्या यानात जागा विकत घेत होती. सामर्थ्य हे वडिलोपार्जित वतन नव्हे. ते दर पिढीस नव्याने कमवावे लागते.

मग मोजावे काय? ओझे किती उचलता येते, गेलेले परत आणता येते काय, आणि हे स्वतःच्या वाहनाने वारंवार साधते काय, हे मोजावे. चीनने २००३ साली स्वतःच्या यानातून माणूस पाठविला. २०२० साली चंद्रावरून १,७३१ ग्रॅम माती आणली आणि २०२४ साली चंद्राच्या पलीकडल्या बाजूची सुमारे दोन किलो. जपानने स्वतःच्या यानातून माणूस पाठविलेला नाही, पण लघुग्रहाचे कण २०१० सालीच पृथ्वीवर आणिले. उलट आमचा ४,७०० किलोंचा जीसॅट-२० हा उपग्रह नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतून, अमेरिकन अग्निबाणावर चढवावा लागला. कारण आमच्या सर्वांत मोठ्या अग्निबाणाची तेथवरची मर्यादा चार टनांच्या आसपास होती, तर चीनच्या मोठ्या अग्निबाणाची सुमारे चौदा टन.

हे सांगण्यात आम्हांस आनंद नाही. परंतु स्वस्ताईच्या बढाईने नुकसान होते ते शास्त्रज्ञांचेच. अर्ध्या शिध्यात पंगत उठविणाऱ्या सुगरणीस पुढल्या सणालाही अर्धाच शिधा मिळतो! उद्या हेच शास्त्रज्ञ मोठ्या अग्निबाणासाठी द्रव्य मागू लागतील, तेव्हा सरकार त्यांस ४५० कोटींचीच आठवण देईल. आणि ते उत्तर सरकारच्या मुखी घालणारे आम्ही टाळ्या पिटणारेच असू. तेव्हा सुशिक्षितांनी मुलांस मंगळयानाची कथा अवश्य सांगावी. पण ते स्वस्त होते म्हणून नव्हे, तर अपुऱ्या साधनांतही ते पोहोचले म्हणून. आणि ती साधने पुरी करून देणे हे आपले काम आहे, हेही त्याच दमात सांगावे.