अभिमानाचे अश्रू म्हणे!

परवा दादाशी कडाक्याचं भांडण झालं. निमित्त एका रशियन सिनेमाचं. ग्रिगोरी चुखराय यांचा ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’, १९५९ सालचा. आत्या दिवाळीला येतेय, तिच्याबरोबर बघू म्हटलं, तर दादा उसळलाच. "तिला कशाला असलं रडकं दाखवतेस? एखादा आपला युद्धपट लाव. अभिमान तरी वाटेल."

आत्याचा धाकटा १९९९ साली कारगिलच्या लढाईत गेला. त्यानंतरच्या एका सत्काराला मी तिच्यासोबत होते. शाल, श्रीफळ, आणि वक्ते माईकवरून सांगतायत, वीरमातेनं रडायचं नसतं! आत्यानं पदराचा बोळा तोंडात धरला होता. तो नारळ तिनं घरात आणला नाही, गाडीवाल्याला देऊन टाकला.

दादाचं ‘अभिमान’ हे त्या माईकवरचंच आहे, म्हणून मला राग आला.

आपल्या बहुतेक युद्धपटांत आई कशाला असते? पोराला ओवाळायला, पत्राची वाट बघायला, आणि शेवटी तिरंग्यातल्या पेटीपुढे मान ताठ ठेवायला. ‘बॉर्डर’ (१९९७) बघताना मीही ढसाढसा रडले होते, खोटं कशाला बोलू? पण बाहेर पडल्यावर आपण भेळ खातो. आईनं ‘माझं पोर परत द्या’ म्हटलं असतं, तर भेळ उतरली असती का घशाखाली?

त्या रशियन सिनेमातला अल्योशा एकोणीस वर्षांचा. घाबरून पळता पळता दोन रणगाडे उडवतो. पदक मिळणार असतं, तर हा म्हणतो, त्यापेक्षा घरी जाऊ द्या, आईचं छप्पर दुरुस्त करायचंय. सहा दिवसांची रजा मिळते. ती वाटेतच, लोकांना मदत करण्यात संपते. आई शेतातून धावत येते, आणि हातात उरतात काही मिनिटं. ट्रक थांबलेला. दाढी करायला लागलास का, असलं काहीतरी ती विचारते. मग एकदम, नाही सोडणार तुला! तो परत येणार नाही हे आपल्याला सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. छप्पर तसंच राहतं.

दादा म्हणतो, तोही सरकारी स्टुडिओचाच सिनेमा. असेल की! चुखराय स्वतः त्या युद्धात लढलेला, जखमी झालेला माणूस. त्यालाही देशप्रेम होतंच. पण त्यानं त्या बाईला ताठ उभं राहायला लावलं नाही.

डी सिकाचा ‘टू विमेन’ (१९६०) तर आणखी पुढे जातो. सोफिया लॉरेनची चेझिरा मुलीला घेऊन बॉम्बफेकीतल्या रोममधून गावाकडे पळते, आणि पडक्या चर्चमध्ये दोघींवर अत्याचार करतात ते सुटका करायला आलेल्या बाजूचेच सैनिक. नंतर रस्त्यात जीप अडवून ती अधिकाऱ्यांवर ओरडते. ते तिला वेडी ठरवतात. आपल्याकडे त्या बाईला बोलू तरी दिलं असतं का?

शौर्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आत्याचा पोरगा शूरच होता. पण आईचं रडणं कुठल्या जातीचं असावं हे ठरवणारे तुम्ही-आम्ही कोण?

असो. आत्याला विचारूनच सिनेमा लावेन. ती ‘नको’ म्हणाली तर नाही. दादा, तू हे वाचणार आहेस हे ठाऊक आहे. तिच्या वतीनं उत्तर देऊ नकोस, एवढंच.