लाल फोनशेजारी कोण उभं होतं?

१६ फेब्रुवारी १९६८. अलाबामातलं हॅलीव्हिल नावाचं एक फुटकळ गाव. पोलीस ठाण्यात लालभडक फोन मांडून ठेवलेला. अमेरिकेतला ९११ चा पहिला कॉल ह्या फोनवर आला. लावणारा विधानसभेचा स्पीकर, उचलणारा काँग्रेसचा खासदार. आणि फोनशेजारी उभा कोण? बुल कॉनर! तोच तो, ज्यानं १९६३ साली बर्मिंगहॅमात शाळकरी काळ्या पोरांवर कुत्री सोडली, बंबाचे फवारे मारले. तेव्हा तो शहराच्या पोलिसांचा आणि बंबवाल्यांचा कमिशनर होता. पाच वर्षांत तो राज्याच्या टेलिफोन-विजेवर देखरेख करणाऱ्या कमिशनचा मुख्य झाला. एका हातानं कुत्र्याची साखळी सोडली, दुसऱ्या हातानं टेलिफोनची तार धरली.

हे मी का सांगतोय? आमच्यातलेच काही शिकलेले दोस्त मला सांगतात, अरे, वायरलेस, कंट्रोल रूम, गाड्या किती, माणसं किती, बजेट किती, ह्या तांत्रिक बाबी आहेत. त्यात जात कुठनं आणतोस? वर्ण कुठनं आणतोस? तांत्रिक म्हणे! ज्याचं घर कधी जळालं नाही त्याला आगीचा बंब ही तांत्रिक बाब वाटणारच.

१९६७ साली अमेरिकन अध्यक्षाच्या पोलीस-न्याय कमिशननं शिफारस केली, सगळ्या देशाला संकटाचा एकच नंबर द्या. त्याच उन्हाळ्यात नेवार्क पेटलं, डेट्रॉइट पेटलं. हा नंबर त्या धगीत जन्मला. तो काळ्यांचा जीव वाचवायला आला, की काळ्यांच्या मोहल्ल्यात पोलीस लवकर पोचवायला? हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. मी आज विचारतोय.

आता काउंटी म्हणजे काय ते समजून घ्या. आपला जिल्हा समजा, पण कलेक्टर नसलेला. तिथं लोकांनी निवडलेलं एक बोर्ड असतं, पैसे त्याच्या हातात. आणि लोकांनीच वेगळा निवडलेला शेरीफ असतो, बंदुका, तुरुंग, गाड्या त्याच्या हातात. कितीतरी काउंट्यांत ९११ ची खोलीसुद्धा त्याच्याच अंगणात. अशा तीन हजारांवर काउंट्या. गुन्हा घडला, माणूस मेला, की बोर्ड म्हणतं आम्ही फक्त पैसे देतो, शेरीफला हुकूम देऊ शकत नाही. शेरीफ म्हणतो, मला लोकांनी निवडलंय, बोर्ड कोण विचारणारं? सासू म्हणते सुनेला विचार, सून म्हणते सासूला विचार. आणि मयत दारात तसंच.

आपल्या लोकांना हे नवीन नाही. गावगाड्यात संकटाचा निरोप कुणाच्या पायांनी गेला? आमच्या! वेसकर कोण होता? आमचा बाप. रात्री वेशीवर जागायचं आम्ही, सरकारी टपाल गावोगाव धावत पोचवायचं आम्ही, पाटलाच्या घरी माणूस मेलं तर दहा कोसांवरच्या सोयऱ्याला मयताचा सांगावा द्यायचा आम्ही, उन्हातान्हात, अनवाणी. मोबदला काय, शिळी भाकर. अख्ख्या गावाची संपर्कयंत्रणा आमच्या तंगड्यांवर चालली आणि महारवाड्याला आग लागली तेव्हा सांगावा घेऊन कुणी धावलं नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं ते काय उगाच? वतन कायद्यानं गेलं १९५८ साली. तार ओढणारा एक आणि तारेवर हुकूम सोडणारा दुसरा, ही रीत मात्र गेली नाही.

आणि आपण ज्या नावानं १९७२ साली उठलो ते नाव कुठून आलं, हे किती जणांना ठाऊक आहे? ओकलंडहून, सगळे सांगतील. ओकलंडच्या आधी ते आलं एका काउंटीतून. लाउन्स काउंटी, अलाबामा. शंभरातले ऐंशी लोक काळे, आणि १९६५ च्या सुरवातीला मतदारयादीत काळं नाव एकही नाही. शून्य! शेरीफ गोरा, ज्युरी गोरी, जमीन गोऱ्याची. ऑगस्ट १९६५ मध्ये त्या काउंटीच्या हेनव्हिल गावात जोनाथन डॅनियल्स नावाचा एक गोरा पाद्री-विद्यार्थी काळ्या पोरीवरची गोळी स्वतःच्या अंगावर घेऊन मेला. गोळी घालणारा कोण, तर विशेष डेप्युटी म्हणून मिरवणारा माणूस. संपूर्ण गोऱ्या ज्युरीनं त्याला सोडून दिलं. आता बोला, त्या काउंटीत फोन असून उपयोग काय? फिरवायचा कुणाला? मारणाऱ्यालाच?

स्टोकली कार्मायकल आणि त्याचे साथी तिथं गेले आणि त्यांनी ओळखलं की मोर्चा काढून शेरीफ बदलत नाही. शेरीफची खुर्चीच घ्यावी लागते. लाउन्सच्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. अलाबामात पक्षाला चिन्ह लागायचं, कारण कित्येकांना वाचता येत नव्हतं. डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा, आणि कोंबड्याच्या वर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली. ह्यांनी चिन्ह घेतलं काळा पँथर. नोव्हेंबर १९६६ मध्ये शेरीफसकट सात जागा लढवल्या, सातही हरले. त्याआधीच मतदार झाले म्हणून जमीनदारांनी कुळं हाकलली होती. ती हायवेच्या कडेला तंबू ठोकून राहिली, पण गाव सोडून गेली नाहीत. १९७० साली त्याच पक्षाचा पहिला अध्यक्ष जॉन ह्यूलेट लाउन्स काउंटीचा शेरीफ झाला. काळा शेरीफ! ज्या ठाण्यासमोरून मान खाली घालून जायचं, त्या ठाण्याचा मालक.

दोस्तांनो, आपण पँथरचा पंजा घेतला, डरकाळी घेतली. मात्र तो पँथर जन्मला शेरीफच्या खुर्चीसाठी, काउंटीच्या तिजोरीसाठी, हे आपण विसरलो. आपण कवितेत अडकलो, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. कविता हवीच. पण कंट्रोल रूमची चावी कुणाच्या कंबरेला आहे हेही बघायला हवं होतं.

कुणी म्हणेल, झालं ते झालं, आता तिथं कायदे आहेत. बरं. क्लीव्हलंड शहर, २२ नोव्हेंबर २०१४. बागेत बारा वर्षांचं काळं पोर खेळण्यातलं पिस्तूल घेऊन फिरतंय. तमीर राइस त्याचं नाव. एक माणूस ९११ ला फोन करतो आणि सांगतो, पिस्तूल बहुतेक खोटं आहे, हा बहुतेक लहान मुलगा आहे. फोन घेणारीनं हे दोन शब्द पुढं दिलेच नाहीत. गाडीतल्या पोलिसाला पोचलं ते एवढंच, काळा माणूस, हातात पिस्तूल. गाडी थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी. दुसऱ्या दिवशी पोर मेलं. डिसेंबर २०१५ मध्ये काउंटीच्या ग्रँड ज्युरीनं खटला भरायला नकार दिला. फोन घेणारीला २०१७ साली आठ दिवसांचं निलंबन. आठ दिवस! पोराच्या वयाला भागून बघा, वर्षाला एक दिवससुद्धा पडत नाही.

'खोटं' आणि 'लहान'. एका जिवाची किंमत दोन शब्द. हे शब्द मध्येच गळतात ते तार खराब असते म्हणून नाही. काळा म्हटलं की हत्यार खरंच असणार आणि माणूस मोठाच असणार, हे आधीच ठरलेलं असतं म्हणून गळतात. ह्याला म्हणायचं तांत्रिक?

मग साधनं कमी पडतात म्हणावं, तर तेही खोटं. टेक्सासमधलं युव्हाल्डी घ्या. बहुतेक वस्ती मेक्सिकन मुळाची, कष्टकरी. २४ मे २०२२ ला शाळेत बंदूकवाला घुसला. राज्याच्या विधानसभा समितीनं मोजले, ३७६ हत्यारी पोलीस तिथं जमले. शहराचे, शाळेचे, काउंटीच्या शेरीफचे, राज्याचे, सीमेवरचे. वर्गातनं जिवंत पोरी ९११ ला फोन करून कुजबुजत होत्या, पोलीस पाठवा. आणि पोलीस भिंतीपलीकडं उभे! शाळेच्या पोलीसप्रमुखाजवळ रेडिओ नव्हता, इमारतीत रेडिओ धड चालत नव्हता, पोरींचा निरोप आतल्या पोलिसांपर्यंत नीट पोचला नाही, कमांड कुणाची ते कुणालाच माहीत नाही. ७७ मिनिटं गेली. १९ लेकरं आणि दोन शिक्षिका गेल्या. ३७६ बंदुका कमी पडल्या की काय?

साधनांचं आणखी सांगतो. १९९० च्या दशकापासून अमेरिकन लष्कर आपली जुनी हत्यारं, चिलखती गाड्या शेरीफांना आणि शहर पोलिसांना जवळजवळ फुकट वाटतंय. २०१४ च्या ऑगस्टात फर्ग्युसनच्या रस्त्यावर सेंट लुईस काउंटीचे पोलीस चिलखती गाड्यांवर बसून निशस्त्र माणसांवर बंदुका रोखत होते. दुसरीकडं प्रत्येक फोनबिलावर ९११ ची फी कापली जाते, झोपडीतल्याच्याही. न्यूयॉर्क, न्यू जर्सीसारख्या राज्यांनी वर्षानुवर्षं ती दुसऱ्याच कामाला वळवली, हे खुद्द केंद्राचं दळणवळण कमिशन आपल्या वार्षिक अहवालात लिहीत आलं. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ पासून रेडिओ गुप्त करायला घेतला, म्हणजे रस्त्यावरच्या माणसानं स्कॅनर लावून ऐकायचं तेही बंद. आमचं तुम्ही ऐका, तुमचं आम्ही ऐकायचं नाही!

पिट्सबर्गची गोष्ट मात्र नीट ऐका. १९६७ च्या आधी तिथं आजारी माणसाला पोलिसांची गाडी न्यायची, कैद्यासारखी मागं टाकून. हिल डिस्ट्रिक्टमधल्या काळ्या, बेकार म्हणून हिणवलेल्या पोरांनी डॉक्टर पीटर साफारकडून शिक्षण घेऊन 'फ्रीडम हाउस' ही ॲम्ब्युलन्स सेवा उभी केली. रस्त्यावर जीव वाचवायचं आधुनिक शास्त्र त्यांनी करून दाखवलं. गोरे मोहल्ले म्हणाले, आम्हाला का नाही? १९७५ साली शहरानं स्वतःची सेवा काढली, फ्रीडम हाउस बंद केलं, आणि काळी पोरं हळूहळू बाहेर ढकलली. विद्या घेतली, माणूस फेकला. वेसकराच्या नातवाला हे समजवून सांगायला नको.

देखरेख समित्यांचं म्हणाल तर लॉस एंजेलिस काउंटी बघा. कोटीभर लोक, पाच सुपरवायझर. शेरीफच्या खात्यात डेप्युट्यांच्या टोळ्या, अंगावर टोळीची गोंदणं. २०१६ साली नागरी देखरेख कमिशन स्थापलं. अधिकार? कागद मागायचा, द्यायचा की नाही ते शेरीफ ठरवणार. लोक चिडले, मार्च २०२० मध्ये मतदानानं कमिशनला समन्स काढायचा हक्क दिला. शेरीफ व्हिलानुएव्हानं समन्सही झुगारलं. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांनी दोन कामं एकाच मतपत्रिकेवर केली. त्या शेरीफला पाडलं, आणि पाचांतल्या चार सुपरवायझरांनी ठरवलं तर शेरीफला सबळ कारणानं काढता येईल असा नियम केला. समिती बसल्यापासून नोकरी जाण्याच्या भीतीपर्यंत पोचायला सहा वर्षं. समन्स नाही, पैसा रोखायचा हक्क नाही, काढायचा हक्क नाही, तर ती समिती कसली? चहा-बिस्किटांचं मंडळ!

आपल्याकडंही आहे बरं का हे मंडळ. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम १७. जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती, अध्यक्ष कलेक्टर, तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हायलाच हवी. आणि नंबर आता ११२. मागं एकदा रात्री आमच्या वस्तीत सवर्ण पोरं काठ्या घेऊन घुसली तेव्हा मीच फोन लावला होता. पलीकडच्या माणसानं नाव विचारलं, गाव विचारलं, मग विचारलं, कोणती आळी? आळीचं नाव सांगितलं आणि त्याचा आवाज बदलला. गाडी आली ती दिवस उगवल्यावर, पंचनाम्याला. ह्या एका प्रश्नाची नोंद कुठल्या रजिस्टरात होते? फोन किती वाजता आला, गाडी किती वाजता निघाली, कोणत्या वस्तीला किती मिनिटं लागली, हा हिशेब समितीपुढं ठेवा म्हणून आजवर किती जणांनी अर्ज दिला?

मी दिलाय. गेल्या वर्षभराच्या चारही बैठकांची इतिवृत्तं मागितलीत, आणि वस्तीवार मिनिटांचा तक्ताही. कलेक्टर कचेरीत सोमवारी अकरा वाजता उत्तर घ्यायला जाणार आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यातनं एकेक पोरगा, एकेक पोरगी अर्ज घेऊन या. वही-पेन आणा. घड्याळ बांधून या.