उसनं शेत, उसनं बाळ



एखाद्या बाईनं मासिकात शेतावरच्या संसाराचं सदर लिहावं. गोठ्यातली गाय, चुलीवरचं कालवण, पाळण्यातलं बाळ, सगळं त्यात यावं. लोकांनी ते आवडीनं वाचावं, त्यातले पदार्थ करून बघावेत. आणि ही बाई शहरातल्या खोलीत एकटी राहणारी, नवरा नाही, मूल नाही, चुलीपुढं उभं राहायचीही सवय नाही, अशी निघाली तर? 'ख्रिसमस इन कनेक्टिकट' हा १९४५ सालचा अमेरिकेतला कृष्णधवल बोलपट याच पेचावर उभा आहे. बोलपट विनोदी आहे खरा, पण आम्हा सदर लिहिणाऱ्यांना तो बघताना जरा घामच फुटतो.

बाईचं नाव एलिझाबेथ लेन. काम केलंय बार्बारा स्टॅनविकनं. पाककृती तिला सांगतो फेलिक्स नावाचा गुबगुबीत खाणावळवाला. सगळं सुरळीत चाललेलं असतं. तेवढ्यात एक नौसैनिक उपटतो. युद्धात त्याचं जहाज बुडालेलं, १८ दिवस तराफ्यावर उपाशी काढलेले. नाताळचा सण एकदा खऱ्या घरात व्हावा, म्हणून त्याची नर्स मासिकाच्या मालकाला पत्र लिहिते. मालकाला वाटतं, वा, याला लेनबाईंच्याच शेतावर पाठवू. वर म्हणतो, मीही येतो! हा मालक खऱ्याचा भारी आग्रही. त्याला यातलं काहीच ठाऊक नाही.

झालं. नोकरी जाईल या भीतीनं बाई एका ओळखीच्या गृहस्थाचं शेतघर मिळवते. त्यासाठी त्याच्याशी लग्नालाही तयार होते. बाळ उसनं आणतात. लढाईच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या शेजारणी आपली मुलं त्या घरच्या बाईकडं ठेवून जायच्या, त्यातलंच एक. दुसऱ्या वेळी दुसरंच येतं, आणि मालक बुचकळ्यात पडतो, बाळ बदललं कसं? इकडं त्या शेतघराची स्वयंपाकीण आयर्लंडची, तिनं मटणाचं साधं कालवण रांधलं की फेलिक्स गुपचूप त्यात तिखट घालून आपल्या हंगेरीचं करून टाकतो. दोन स्वयंपाकी एका चुलीवर, पुढचं तुम्ही जाणताच.

मला सगळ्यात आवडते ती आंघोळ. बाळाला न्हाऊ घालायची वेळ येते आणि 'आई'च्या तोंडचं पाणी पळतं. बाह्या सरसावून पुढं होतो तो नौसैनिक! त्याला येतं. पुढं दोघांचं मन कसं जुळतं याला मग फार शब्द लागत नाहीत. मालकापुढं तव्यावरचं धिरडं हवेत उडवून उलटायचं असतं, तेव्हा बाई डोळे गच्च मिटून तवा झटकते, आणि धिरडं नेमकं परत तव्यात पडतं. अखेर पितळ उघडं पडतंच. पण शेवट गोड आहे, तो तुमचा तुम्ही बघा.

कनेक्टिकट राज्यातच ग्लॅडिस टेबर नावाच्या लेखिका 'लेडीज होम जर्नल' मासिकात गावच्या घराचं सदर लिहीत. बोलपटातली बाई त्यांच्यावरून सुचली असं म्हणतात. मात्र टेबरबाईंचं स्टिलमेडो हे जुनं शेतघर खरं होतं, आणि त्या तिथं खरंच राहत.

बोलपट नाताळचा, पण लागला १९४५ च्या ऑगस्टात, महायुद्ध संपत आलं तेव्हा. अमेरिकेत त्या वेळी मटण, लोणी, साखर अजून रेशनवर होती. तराफ्यावरचा उपाशी माणूस पंचपक्वान्नांची स्वप्नं बघतो, त्यावर थिएटरातली माणसं हसत असतील ती काही नुसती त्याला नव्हेत. आणि फेलिक्सचं काम करणारा एस. झेड. साकल हा खरोखरच हंगेरीचा, ज्यू. हिटलरच्या राजवटीमुळं देश सोडून आलेला. मागं राहिलेल्या त्याच्या बहिणी नाझींच्या छावण्यांत मेल्या. पडद्यावर मात्र तो गालांवर दोन्ही हात ठेवून 'घात झाला' म्हणतो, आणि लगेच कढईकडं वळतो.